चाळकेवाडीच्या सड्यावर हे पांढरं फूल, कुंडीत जगेल का?

मागच्या रविवारी साताऱ्याहून ठोसेघर करून पुढे पवनचक्क्यांच्या पठारावर गेलो होतो, पाऊस नुकताच लागलाय, गवत अजून बोटभरसुद्धा नाही आणि कातळावर जिथे थोडी माती साठलीये तिथे एकच गोल पान जमिनीला पापडासारखं चिकटलेलं, मधून वीतभर देठ आणि वर पांढरंशुभ्र फूल. बायकोला आवडलं म्हणून एक मातीसकट काढून आणलंय. नाव काय याचं? खत काय घालू?

सडेफिरस्ता:
आषाढ हबे आमरी. जमिनीवर येणारं ऑर्किड आहे हे. फूल जरा बाजूने बघा, मागे बारीक नळी लोंबते, मध त्यात असतो. खत अजिबात नको. आणि भाऊ, काढायला नको होतं.

रानवेडी_कोल्हापूर:
मीपण कॉलेजात असताना हाच उद्योग केलेला, दोन आठवड्यांत पान पिवळं पडलं, मला वाटलं पाणी कमी पडतंय म्हणून अजून घातलं तर खालचा कंदच कुजला. फुलताना जुना कंद संपत आलेला असतो आणि पुढच्या वर्षीचा नवा शेजारी भरत असतो, नेमकं तेव्हाच आपण उपटतो. बी धुळीसारखं बारीक, त्याच्यात साठा काहीच नाही, मातीतली ठराविक बुरशी मिळाली तरच रुजतं, ती कुंडीत कुठून आणणार? लवकर का फुलते तर नंतर गवत वाढलं की ते भुईसपाट पान झाकलंच जातं. लोक सप्टेंबरात तेरडा नि सीतेची आसवं बघायला गर्दी करतात तोवर हिचं सगळं उरकलेलं असतं!

सडेफिरस्ता:
कासला असं काही काढलं तर लगेच कोणीतरी हटकतं, २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे ते. चाळकेवाडीला कोण विचारतंय.

मूळ प्रश्नकर्ता:
चुकलंच. शनिवारी परत साताऱ्याला येतोय, पुन्हा तिथेच लावलं तर?

रानवेडी_कोल्हापूर:
लावा की. मातीचा गोळा फोडू नका, होता तेवढ्याच खोलीवर ठेवा, पान मातीखाली जाऊ देऊ नका. पाणी साचतं तो खळगा टाळा. आणि पिशवीचं तोंड उघडं ठेवा हो तोवर, गुदमरेल ते.