प्रतिसाद: क्योतोतली गर्दी
"क्योतोत गर्दीमुळे काहीच धड बघता येत नाही" हे वरचं म्हणणं पटलं, पण फुशिमी इनारी त्याला अपवाद. या देवळाला तिकीट नाही आणि बंद व्हायची वेळही नाही. पहाटेच्या गाडीने जेआर या जपानी रेल्वेच्या इनारी स्टेशनला उतरा, देऊळ समोरच. बरेच जण लाल तोरींखाली, म्हणजे देवळाच्या कमानींखाली, फोटो काढून अर्ध्यातून परततात. तुम्ही २३३ मीटरचा डोंगर पुरता चढा. उतरताना खांबांच्या मागच्या बाजूला देणगीदाराचं नाव आणि तारीख काळ्या अक्षरांत दिसते, थेट आपल्या देवळांतल्या फरशांसारखी! त्यात कंपन्याच जास्त. इनारी धंद्याचाही देव ना. आणि हो, कचऱ्यासाठी पिशवी जवळ ठेवा. पेयांच्या यंत्राशेजारचा डबा फक्त बाटल्या-कॅनसाठी असतो, त्यात खाऊची वेष्टनं कोंबू नका.