मदत हवी आहे : अपूर्णांकांचा गुणाकार आकृतीने शिकवताना ‘एक’ कोणता हेच मुले विसरतात

नमस्कार. मी नागपुरात सक्करदरा भागातील एका शाळेत सहावीला गणित शिकवते. ‘अंशाला अंशाने आणि छेदाला छेदाने गुणा’ हा नियम आधी न सांगता चौकटींच्या वहीतील आकृतीवरून मुलांनाच तो सापडावा, असा माझा प्रयत्न असतो. साध्या उदाहरणांत हे जमते. पूर्णांकयुक्त अपूर्णांक आले की घोटाळा होतो, म्हणून अनुभवी शिक्षकांचा सल्ला हवा आहे.

२/३ × ४/५ या उदाहरणात मुले एक आयत काढतात, उभ्या रेषांनी त्याचे पाच समान भाग करून चार भाग पिवळे रंगवतात, मग आडव्या रेषांनी तीन समान पट्टे पाडून त्यांतील दोन पट्ट्यांवर निळ्या तिरप्या रेघा मारतात. दोन्ही खुणा असलेल्या चौकटी ८ आणि एकूण चौकटी १५, म्हणून उत्तर ८/१५. काही जण रंग लागलेल्या सगळ्याच चौकटी मोजून १४/१५ लिहितात. पण निळ्या रेघा फक्त पिवळ्या भागावरच मारायला सांगितल्या की आपण चार पंचमांशांचा दोन तृतीयांश घेत आहोत हे त्यांना दिसते आणि ही चूक बहुतेक थांबते. पट्टे पाडणाऱ्या रेषा मात्र पूर्ण आयतभर न्याव्या लागतात, नाहीतर छेद १२ घेतला जातो.

खरी अडचण दीड गुणिले पाऊण या उदाहरणात आहे. मुले दीड चौरस काढतात, त्यात तीन उभे आणि चार आडवे भाग करतात, १२ पैकी ९ चौकटी रंगवतात आणि ९/१२ लिहितात. दोन पूर्ण चौरस काढणारे ९/१६ लिहितात. बरोबर उत्तर ९/८ आहे. गंमत अशी की ९/१२ म्हणजे पुन्हा पाऊणच. दीडलाच ‘एक’ धरले तर त्याचा पाऊण भाग दुसरा काय येणार? मुलाचे रंगवणे आणि मोजणे दोन्ही अचूक असते, फक्त कशाच्या मानाने मोजायचे ते निसटलेले असते. ‘छेद ८ घे’ असे सांगून उत्तर मिळेल, पण मग आकृती काढण्यात अर्थ काय राहिला?

वर्ग मोठा आहे, सर्वांना रंगीत कागद पुरवणे शक्य नाही. वही, खडू आणि फळा यांतच बसेल असे काही सुचवावे. शिवाय ७/१२ × ११/१५ सारखी उदाहरणे आल्यावर आकृती नेमकी केव्हा सोडावी?

प्रतिसाद १

ताई, एककाचा चौरस वहीत नाही, जमिनीवर काढा. व्हरांड्यात खडूने १ मीटर बाजूचा चौरस आखा आणि त्याचा डावीकडचा खालचा कोपरा तोच ठेवून दीड मीटर लांब व पाऊण मीटर उंच आयत दुसऱ्या रंगाच्या खडूने काढा. आता ५० सेंमी रुंद आणि २५ सेंमी उंच अशा चौकटी पाडल्या की चौरसात ८ मावतात आणि आयतात ९. चौरसाच्या वरच्या बाजूला दोन चौकटींची जागा रिकामी राहते, तर आयताच्या तीन चौकटी चौरसाबाहेर उजवीकडे जातात. रद्दीच्या वर्तमानपत्राचे तुकडे त्या मापाने कापून मुलांनाच हलवू द्या : दोन तुकडे वर गेले की चौरस भरतो आणि एक उरतो. ‘एक पूर्ण आणि एक अष्टमांश’ हे उत्तर मुले स्वतःच देतात. पडताळाही घेता येतो : १५० × ७५ = ११२५० चौरस सेंमी, आणि एक चौरस मीटर म्हणजे १०००० चौरस सेंमी.

प्रतिसाद २

वरील उपायाला माझी एक जोड. आकृतीआधी अंदाज घ्या. दीडचे निम्मे पाऊण, हे बहुतेक मुलांना तोंडी येते. मग दीडचा पाऊण भाग त्याहून जास्तच हवा. एवढे बोलून झाले की ९/१२ लिहिणारे मूल स्वतःच थांबते. जुन्या शाळांत पाऊणकी आणि दिडकी, म्हणजे पाऊणचे आणि दीडचे पाढे, पाठ असत, त्यामुळे असा अंदाज सहज निघे. पाठांतराचा मी फारसा पुरस्कर्ता नाही, पण निमकी (अर्ध्याचा पाढा) आणि पाऊणकी दहापर्यंत तरी करून घ्यावी. संख्यारेषा ४ × २/३ साठी उत्तम, दोन्ही अपूर्णांक असतील तिथे क्षेत्रफळच बरे. मोठ्या छेदांबद्दल म्हणाल, तर ‘एकूण चौकटी किती होतील?’ याचे उत्तर मूल न काढता देऊ लागले की आकृती सोडावी.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. जमिनीवरचा चौरस सोमवारी आखते. त्यानंतर दीड गुणिले सव्वा घेण्याचा विचार आहे, कारण तिथे आयताचे १, १/२, १/४ आणि १/८ असे चार तुकडे वेगवेगळे दिसतात आणि बेरीज १५/८ येते. हे सहावीला झेपेल, की त्याआधी पूर्णांकयुक्त अपूर्णांकाला साध्या अपूर्णांकाने गुणण्याची आणखी उदाहरणे द्यावीत?