नॅनो कीटकनाशकं: कोल्हापूरच्या शिवारात चालतील का?

(पंचगंगाकाठ, खोडकिडा आणि पोळं ही चर्चेतल्या तिघांची टोपणनावं.)

पंचगंगाकाठ: शिरोळ-हातकणंगल्याकडं टोमॅटो, ढोबळीवर सकाळी फवारलेलं औषध दुपारच्या सरीत धुऊन ओढ्याला जातं. मग पुन्हा पंप पाठीवर. कायटोसान (कोळंबी-खेकड्याच्या कवचापासूनचा पदार्थ) किंवा सिलिकाच्या 100 नॅनोमीटरच्या आसपासच्या कवचात औषध भरलं की ते पानाच्या मेणचट थराला धरून बसतं, सावकाश झिरपतं, उन्हानं लवकर नासत नाही. ईसी म्हणजे सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेल्या औषधाचा वासही नको. मग विरोध कशाला?

खोडकिडा: आधी बोअरचं पाणी बघा. क्षारपड पट्ट्यात पाणी जड. त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम कणांवरचा विद्युतभार दाबतं, कण एकमेकांना चिकटतात, गाळ होतो, नोझल तुंबतं. नॅनो राहिलं कुठं? टाकीत विद्राव्य खत मिसळलं तरी हीच गत. म्हणून फवारणीचंच लिटरभर पाणी काचेच्या बरणीत घ्या, लेबलच्या प्रमाणात औषध घाला, अर्धा तास ठेवा. दाणे किंवा थर दिसला तर पंपात ओतू नका.

आणि टोमॅटोचा तोडा दोन-तीन दिवसाआड असतो. तिथं ‘सावकाश झिरपणं’ म्हणजे फळावर उर्वरित अंश. साध्या औषधाचा काढणीपूर्व काळ (शेवटची फवारणी ते तोडा यातले दिवस) इथं धरून चालणार नाही.

पंचगंगाकाठ: गाळ होणं हा फॉर्म्युलेशनचा दोष, तंत्राचा नव्हे. कणांवर चांगला पॉलिमर थर असला की जड पाण्यातही ते सुटे राहतात. काढणीचा काळ मात्र नव्यानंच ठरवावा लागेल, मान्य.

पोळं: मधमाश्यांचं काय? 1970 च्या दशकात अमेरिकेत मिथाइल पॅराथिऑन या कीटकनाशकाच्या मायक्रोकॅप्सूल (बारीक कवचबंद कण) परागाएवढ्या असल्यानं माश्यांनी परागासोबतच पोळ्यात नेल्या. नॅनो कण शेकडो पट लहान, त्यामुळं वाट तीच नसेल; पण कवच औषध टिकवतं म्हणजे फुलावरही टिकवतंच. फुलोऱ्यात नको.

खोडकिडा: बाजारातलं लॅम्डा 4.9 सीएस (लॅम्डा-सायहॅलोथ्रिन हे कीटकनाशक, कॅप्सूलच्या रूपात) कुणी नॅनो म्हणून गळ्यात मारत असेल तर त्या कॅप्सूल मायक्रॉनच्या (1 मायक्रॉन म्हणजे 1000 नॅनोमीटर) मापातल्या असतात. नॅनो युरिया 2021 मध्ये खत नियंत्रण आदेशात आला, तो दाखला इथं लागू नाही. कीटकनाशकाला 1968 च्या कायद्याखाली नोंदणी लागते. बाटलीवर नोंदणी क्रमांक नसेल तर परत ठेवा.

उसातल्या हुमणीला तर हे नकोच; काळ्या मातीत कण चिकणमातीला धरतात, अळीपर्यंत पोचत नाहीत. वळीव झाला की कडुलिंब-बाभळीवरचे भुंगेरे रात्री झाडून रॉकेलच्या पाण्यात टाका.