उन्हाळी लागली असताना काढा घ्यावा का? (बाळ अंगावर पितंय)

रानजाई: बाळंतिणीला उन्हाळी लागली, म्हणजे लघवीला जळजळ होऊ लागली, की घरोघरी ठरलेलं: धने-जिऱ्याचं पाणी आणि गोखरूचा काढा. पाण्याला माझी हरकत नाही. पण काढा, चंद्रप्रभा वटीच्या आयुर्वेदिक गोळ्या, ऑनलाइन मागवलेल्या कॅप्सूल, यातलं दुधात किती उतरतं ते कुणी मोजलंय? अंगावर पाजणारीने या वाटेला जाऊच नये.

माजघर: मग दशमूलारिष्टही बंद करा! दशमुळांत गोखरू असतोच. माझ्या दोन्ही बाळंतपणांत आईने दिलं, पोरं धडधाकट आहेत. अँटिबायोटिकने बाळाला जुलाब झालेले बरे चालतात?

रानजाई: अरिष्टात मद्यार्कही असतो. देत आले म्हणजे तपासलं असं नाही ना! सेफालेक्सिन, अमॉक्सिसिलिन दुधात अगदी थोडं उतरतं, हे मोजलेलं आहे. नायट्रोफुरँटॉइन मात्र बाळ महिन्याच्या आतलं असेल किंवा त्याला जी६पीडीची (तांबड्या रक्तपेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची) कमतरता असेल तर टाळतात. म्हणून बाळाचं वय डॉक्टरांना आवर्जून सांगायचं.

खलबत्ता: मी आयुर्वेदाची पदवीधर. गोखरू आणि चंद्रप्रभा एका मापाने मोजू नका. चंद्रप्रभेत शिलाजित, गुग्गुळ, लोहभस्म असतं. पेशंट न बघता मी ती देणार नाही. खरी भीती ऑनलाइन मालाची. २००८ साली 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे २१ टक्क्यांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. शिसं दुधात उतरतं. परदेशात राहणाऱ्यांनी उवा उर्सी ही तिकडे लघवीच्या त्रासावर मिळणारी वनस्पतीही पाजताना घेऊ नये, त्यातून शरीरात हायड्रोक्विनोन हे घातक ठरू शकणारं रसायन तयार होतं.

माजघर: आणि क्रॅनबेरी? ती तर डॉक्टरही सांगतात.

खलबत्ता: वारंवार त्रास होणाऱ्यांना, पुन्हा होऊ नये म्हणून. झालेला संसर्ग तिने जात नाही.

सांगलीकर_आजोबा: बाळंतिणीला "पाणी पिऊ नको, पोट सुटेल" म्हणायचं, आणि मग काढे उकळायचे. आमच्या घरी हेच चालतं.

माजघर: आजोबा, ते मात्र खरं. पण कल्चरचा (लघवीत कोणते जंतू वाढतात त्या तपासणीचा) रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस. तोवर बाईने तळमळत बसायचं?

रानजाई: कशाला? आधी लघवीचा नमुना द्यायचा. गरज वाटली तर डॉक्टर औषध लगेच सुरू करतात आणि रिपोर्ट पाहून बदलतात. धने-जिऱ्याचं पाणी प्या की खुशाल. पण थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलट्या असं काही असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

माजघर: तापाचं मान्य. पण गोखरूने एका तरी बाळाला त्रास झाल्याचं दाखवा, मग पुढे बोलू.