ओचुमेलोव खोटारडा, की स्वतःलाच फसवणारा?

प्रश्न: चेखवची १८८४ची ‘सरडा’ ही कथा परत वाचली. सोनार ख्र्यूकिनच्या बोटाला चावलेलं कुत्रं जनरलचं म्हटल्यावर फौजदार ओचुमेलोव ख्र्यूकिनलाच झापतो: एवढा धिप्पाड तू, इवलंसं पिल्लू तुझ्या बोटापर्यंत पोचलंच कसं? खिळ्यानं खरवडलं असशील! हे त्याला मनातून पटलेलं असतं का?

उत्तर १: छे, निव्वळ लोचटपणा. साहेबाचं कुत्रं, साहेबाचा न्याय.

उत्तर २: मला नाही तसं वाटत. तो कोट बघा ना. जनरलचं नाव निघताच त्याला उकडतं, हवालदाराला कोट काढायला लावतो. मधे कुत्रं जनरलचं नाही असं होतं, अन् पुन्हा जनरलचंच म्हटलं की लगेच थंडी वाजते, कोट परत चढवायला लावतो. अंगाला घाम फुटतो तो ठरवून नव्हे! निकाल फिरला तरी दरवेळी आवाज तितकाच करडा, कायद्याचा. आधीचं बोलणं तो साफ विसरलेला असतो. आणि ख्र्यूकिन तरी कुठला सज्जन? कायद्यापुढे सगळे सारखे म्हणतो, अन् त्याच दमात माझा भाऊ पोलिसात आहे हेही ऐकवतो.

प्रश्नकर्ता: भावाचं वाक्य निसटलंच होतं की! मग शेवटी ख्र्यूकिनला हसणारी गर्दी?

उत्तर २: ती तर ओचुमेलोवच्याही वरताण. तिला कोटसुद्धा काढावा लागत नाही.