विषय: व्हॅन पुन्हा गळतेय, गणपतीचं सामान कसं न्यायचं?

अप्पा (भांडार), सोमवार रात्री

मंडळी,
हॉलच्या पार्किंगमध्ये पुन्हा लाल डाग पडलाय. मॅनेजरबाईंनी फोटो पाठवला आणि डिपॉझिटची आठवण करून दिली. मागच्या आठवड्यात स्टेअरिंगच्या डब्यात अर्धी बाटली ऑइल ओतलं होतं, आज बघतो तर पातळी खालच्या खुणेच्याही खाली. स्टेअरिंग वळवताना घरघर करतं, पार्किंगमध्ये तर हात दुखतात. गॅरेजवाला म्हणाला रॅक, म्हणजे स्टेअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा दांडा, गेला, १४०० डॉलर. पुढच्या शनिवारी मखर आणि मोठी पातेली हॉलवर पोचायला हवीत. कुणाच्या ओळखीत स्वस्तात रॅक बदलणारा आहे का? लवकर कळवा.

खजिनदार, सोमवार रात्री

अप्पा, गाडी गॅरेजला नेण्याआधी कळवायचं ठरलं होतं. एप्रिलच्या बैठकीत ३०० डॉलरच्या वरच्या प्रत्येक खर्चाला कार्यकारिणीची मंजुरी लागेल असा ठराव झालाय, इतिवृत्त सगळ्यांकडे आहे. १४०० मध्ये तर ढोलपथकाचं पूर्ण बजेट जाईल. शिवाय ते ऑइल स्टेअरिंगचंच आहे हे कशावरून? आमच्या जुन्या गाडीखालीही लाल डाग पडायचा, तो गिअरबॉक्सचा निघाला.

ओशावाचे (कॅनडा) दादा, मंगळवार पहाटे

अप्पा, रॅक अजिबात घेऊ नका. आधी गळती कुठून आहे ते शोधू. मी सव्वीस वर्षं हेच काम केलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

खजिनदारांची शंका रास्त आहे. आपल्या २००६ च्या टोयोटा सिएना व्हॅनमध्ये स्टेअरिंगलाही डेक्स्रॉनच लागतं, म्हणजे एटीएफच (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल), आणि गिअरबॉक्सचं ऑइलही लालच. रंगावरून काही कळणार नाही. पण स्टेअरिंगच्या डब्यातली पातळी आठवड्यात उतरली ना? मग तो प्रश्न मिटला.

आता रॅक. गाडीखाली सगळ्यात खाली असतो रॅक आणि सबफ्रेम, म्हणजे इंजिनखालची चौकट. स्टेअरिंगच्या पंपातून गळो, होजमधून (रबरी नळीतून) गळो की पाइपमधून, थेंब ओघळत तिथेच येणार आणि तिथूनच जमिनीवर पडणार. गाडी चालताना वाऱ्याने मागेही पसरतो. गॅरेजवाल्याने लिफ्टवर घेतली, रॅक ओला दिसला, झालं निदान! खालचा थेंब बघायचा नसतो, ओल वर कुठपर्यंत गेलीय ते बघायचं. सगळ्यात वरची ओली जागा म्हणजे गळतीची जागा.

असं करा. गार इंजिनवर डिग्रीझर (तेलकटपणा काढायचा फवारा) मारून पंप, होज, रॅक सगळं धुवा आणि पूर्ण वाळू द्या. मग जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरवा. डबा खुणेपर्यंत भरा, खाली स्वच्छ पुठ्ठा पसरा. एकाने इंजिन चालू करून स्टेअरिंग फुल कट डावीकडे, फुल कट उजवीकडे फिरवायचं. टोकाला पाच सेकंदांच्या वर धरून ठेवू नका, पंपावर ताण येतो. दुसऱ्याने टॉर्च मारून बघायचं. फुल कटला दाब सगळ्यात जास्त असतो. प्रेशर होज, म्हणजे पंपाकडून रॅककडे दाबाने ऑइल नेणारा, फुटला असेल तर तेव्हाच फवारा किंवा ओल दिसेल. ऑइल परत डब्याकडे आणणारी रिटर्नची नळी असेल तर इंजिन नुसतं चालू असतानाही सावकाश झिरपेल.

रॅकच्या दोन्ही टोकांना घड्यांचे रबरी बूट असतात. ते दाबून बघा. आतून ओले, जड लागले, क्लॅम्प सैल केल्यावर ऑइल आलं, तर आतलं सील गेलं, तेव्हाच रॅकचा विचार. बूट कोरडे असतील तर १४०० डॉलर वाचले असं समजा.

आणि हात लावून गळती शोधायची नाही! प्रेशरच्या बाजूला हजार पीएसआयच्या वर दाब असतो, बारीक फवारा कातडीत घुसतो. पुठ्ठा धरा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली कुणीही शिरू नका.

माई, मंगळवार सकाळी

खजिनदार, बजेटचं ठीक आहे, पण मखर हलवण्याचं काम दरवर्षी आम्ही करतो, म्हणून सांगते. मखर आता थर्माकोलचं नाही, प्लायवूडचं आहे, मागची फळी साडेसहा फूट. ती कुणाच्याही सेडानमध्ये जाणार नाही. दोन वर्षांपूर्वी ट्रक भाड्याने घेतला होता, सकाळी मिळाला नाही आणि आरती साडेबाराला झाली, हे लक्षात असू द्या.

अप्पा, डागावर मांजराची वाळू (मांजराच्या शी-शूसाठी मिळते ती) टाका, मातीची, सुगंधी नको. बुटाने चांगली रगडा, रात्रभर ठेवा, सकाळी झाडा. मग भांड्यांचा साबण आणि कडक ब्रश. आमच्या ड्राइव्हवेवरचा तेलाचा डाग असाच गेला.

ढोलपथक, मंगळवार दुपारी

माई, मखराची मागची फळी दोन तुकड्यांत कापून बिजागऱ्या लावल्या तर? मी करून देतो.
व्हॅनसाठी स्टॉप-लीकची, म्हणजे गळती थांबवायच्या औषधाची, बाटली मिळते, पंधरा-वीस डॉलरला. ओतली की झालं. सध्या तेवढं करूया का?

माई, मंगळवार दुपारी

फळीला हात लावायचा नाही. त्यावरची वारली चित्रं शाळेच्या मुलांनी काढलीत.

ओशावाचे दादा, मंगळवार संध्याकाळी

स्टॉप-लीक नको. ते रबर फुगवतं, म्हणून सुकलेल्या सीलची झिरप काही महिने थांबते. गंजलेल्या पाइपला किंवा फाटलेल्या होजला त्याचा काडीचा उपयोग नाही. इथे बर्फासाठी रस्त्यावर टाकलेलं मीठ सहा हिवाळे खाल्लेल्या गाड्यांच्याही स्टीलच्या नळ्या सडतात, आपली व्हॅन तर त्याच्या तिप्पट जुनी. आधी बघा, मग ओता काय ते.

कोथरूडचे काका, बुधवार

दादांशी पूर्ण सहमत. ९८ साली आमच्या सुमोचं स्टेअरिंग खंबाटकी घाटात असंच जड झालं होतं. लोकांना वाटतं ऑइल संपलं की स्टेअरिंग लॉक होतं. तसं होत नाही, चाकं वळतात, पण मदत नसल्यामुळे सगळी ताकद दंडाची. मी आणि मेहुण्याने आळीपाळीने चालवत साताऱ्यापर्यंत आणली. पण पंप कोरडा फिरला तो कायमचा गेला. होजचं काम पंपावर गेलं. म्हणून अप्पा, डबा रिकामा असताना व्हॅन चालवू नका, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा नाही. आणि ऑइल तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपवर पडत असेल तर आगीची भीती असते.

अप्पा (भांडार), गुरुवार रात्री

दादा, सांगितलंत तसं केलं. मुलगा स्टेअरिंगवर, मी पुढून टॉर्च घेऊन. आधी दोन्ही बूट दाबले: हलके, कोरडे, क्लॅम्प सैल केला तर आत नुसती धूळ. पंपाच्या पुढच्या बाजूची पावडर तशीच पांढरी. पहिल्या फुल कटला काहीच नाही. दुसऱ्याला प्रेशर होजच्या रबराला जिथे धातूची टोपी दाबून बसवलेली असते, तिथली पावडर आधी गुलाबी झाली, मग लाल, आणि मुलाने स्टेअरिंग धरलेलं असतानाच एक बारीक थेंब फुगून नळीवरून खाली उतरला. दहा सेकंदांत रॅकवर पोचला. डोळ्यांसमोर गेला तो थेंब. गॅरेजवाल्याने बघितला तो हाच.

रॅक धडधाकट आहे. होजच बदलायचा. व्हॅन जागेवरून हलवलेली नाही.

खजिनदार, गुरुवार रात्री

उत्तम. होज आणि ऑइल मिळून ३०० च्या आत बसत असेल तर मंजुरीची गरज नाही. पावती मंडळाच्या नावाने घ्या, मागच्या वेळी टायरची पावती अप्पांच्या नावाने आली होती आणि ऑडिटरने विचारलं होतं.

ओशावाचे दादा, गुरुवार रात्री

अप्पा, शाब्बास. होज मागवताना गाडीचा व्हीआयएन (ओळख क्रमांक) द्या, आणि जोडाचा वॉशर नवा घ्या, जुना परत लावायचा नाही. रविवारी सकाळी नऊला मी येतो, पाने आणि गाडी टेकवायचे स्टँड माझे. होज बसवल्यावर पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग पंधरा-वीस वेळा दोन्ही टोकांना फिरवायचं आणि मध्ये मध्ये डबा भरत राहायचं, म्हणजे आतली हवा निघते. डब्यात फेस दिसला तर हवा अजून आहे, थांबायचं. घाईत इंजिन चालू केलं की पुन्हा घरघर सुरू. जुनं ऑइल गटारात नको, रिकाम्या बाटलीत भरून ठेवा, जुनं ऑइल घेतात त्या डेपोला मी देईन.

माई, शुक्रवार सकाळी

मग पुढच्या शनिवारी व्हॅन आहे असं धरते. पातेली आदल्या दिवशी, शुक्रवारी रात्रीच भरा, किल्ली माझ्याकडे आहे. दादा, रविवारी जेवूनच जा.