टेस्ट ‘कडक’ असावी की ‘काटेकोर’?

परभणीहून प्रश्न
मोंढ्यातल्या आडत दुकानांसाठी हिशोबपट्टीचं, म्हणजे शेतकऱ्याला मालाचा हिशोब देणाऱ्या पावतीचं, सॉफ्टवेअर करतो आम्ही. नव्या पोरांना टेस्ट (सॉफ्टवेअर बरोबर चालतंय का ते तपासणारा छोटा कोड) लिहायला शिकवताना ‘स्ट्रिक्ट’ या शब्दापाशी अडले. मी ‘कडक’ म्हणते, सोबतचे ‘काटेकोर’ म्हणतात. दोन्ही एकच का? आणि ‘रीडेबल’ला काय म्हणायचं? ‘वाचनीय’ म्हटलं की दिवाळी अंक डोळ्यापुढं येतो.

छत्रपती संभाजीनगरहून
ताई, एकच नाहीत. मला हा फरक नुकसान होऊन कळला. आमच्या टेस्ट पावतीवर छापलेला अख्खा मजकूर जसाच्या तसा ताडून बघायच्या. २०२३ मध्ये शहराचं नाव बदललं, पावतीच्या माथ्यावर औरंगाबादऐवजी छत्रपती संभाजीनगर आलं आणि सगळ्या टेस्ट लाल, म्हणजे नापास, झाल्या. नाव बदलल्यानं हिशोबात पैशाचाही फरक पडला नव्हता. पोरांनी घाईघाईनं जुना अपेक्षित मजकूर काढून नवा चिकटवला. त्याच गडबडीत एका पावतीत तोलाई, म्हणजे माल तोलायची मजुरी, वजा व्हायची राहिली होती, तीही ‘अपेक्षित’ म्हणून आत गेली. पुढं एका आडत्यानं फोन करून सांगितलं तेव्हा कळलं.

अशा टेस्टला मी कडक म्हणतो. कडक भाकरी कुठंही धक्का लागला तरी मोडते. ‘ब्रिटल’साठी ‘ठिसूळ’ शब्द आहेच, पण कडक आणि ठिसूळ किती शेजारी राहतात ते भाकरीवरून पटतं.

काटेकोर वेगळं. मापाडी काटा स्थिर होईपर्यंत हात लावू देत नाही, पण कट्ट्याचा, म्हणजे पोत्याचा, रंग कोणता हे तो बघत नाही. तोलाईची टेस्ट तोलाईवर एक रुपयाही सोडणार नाही, माथ्यावरच्या पत्त्याकडं मात्र बघणारच नाही.

नांदेडहून
पटलं. पण काटेकोर म्हणजे दर वेळी तंतोतंत, असं पोरांच्या डोक्यात बसू देऊ नका. दशांशात ०.१ आणि ०.२ ची बेरीज पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा ०.३०००००००००००००००४ सांगतं. तिथं तंतोतंत तुलना केली की बरोबर हिशोबही नापास होतो. म्हणून पायटेस्ट या पायथॉनच्या टेस्ट चालवणाऱ्या साधनात ‘अप्रॉक्स’ आहे, ते मुळात दहा लाखांत एक इतका फरक चालवून घेतं. वजनाला ते लावा. रक्कम पैशांत पूर्णांक ठेवा आणि तिथं तुलना तंतोतंतच करा.

या चालवून घेतलेल्या फरकाला, ‘टॉलरन्स’ला, आमच्याकडं एकानं ‘कडता’ (मालाच्या वजनातून कापलेली सूट) सुचवला होता. मी नको म्हणालो. कडता एकाच बाजूनं कापतात, शेतकऱ्याच्या. अप्रॉक्स दोन्ही बाजूंना सारखं मोजतं. ‘मान्य तफावत’ बरा.

परभणीहून
आणि रीडेबल?

छत्रपती संभाजीनगरहून
‘सुवाच्य’ अक्षराला, ‘वाचनीय’ लेखाला. टेस्टला ‘सुबोध’. वाचणाऱ्याला दुसरी फाइल उघडायला न लागता उमगली पाहिजे.

आमच्याकडं एकच मदतनीस फंक्शन सगळ्या टेस्टसाठी केलं होतं. टेस्टमध्ये एक ओळ, कंसात पाच आकडे, आणि कोणता आकडा कशाचा ते कुणालाच सांगता येईना. आता सरळ लिहितो: वजन ८.४५ क्विंटल, भाव ४,३००, हमाली ६०, तोलाई ४०, शेतकऱ्याच्या हाती ३६,२३५. शेवटचा आकडा कागदावर काढून हातानं लिहायचा. टेस्टमध्ये पुन्हा तेच सूत्र घातलं तर सूत्रातली चूक दोन्हीकडं सारखीच होते आणि टेस्ट हिरवी राहते. म्हणजे इथं सुबोध लिहिल्यानंच टेस्ट काटेकोर झाली. दोन्हींत भांडण असतं हे मला फारसं पटत नाही. भांडण असतं ते कडक आणि सुबोध यांच्यात. चाळीस गोष्टी एकाच टेस्टमध्ये तपासल्या की ती वाचणार कोण?

नांदेडहून
मग ‘नेमकी’ म्हणा की सर. काटेकोर म्हणजे किती बारीक मोजायचं, नेमकी म्हणजे काय मोजायचं. आधी नेमकी, मग काटेकोर.

परभणीहून
हे घेते. आत्ताच आमच्या टेस्टची नावं बघायलेय. ‘पट्टी ३’, ‘पट्टी ४’, ‘पट्टी ४ नवीन’. तिसरी उघडली तर तिच्यात फक्त एवढंच तपासलंय, की हाती येणारी रक्कम एकूण रकमेपेक्षा कमी आहे. हमाली दोनदा कापली तरी ही हिरवीच राहणार. तिचं नाव बदललं: ‘हमाली एकदाच वजा होते’. नाव लिहिल्यावर आत काय तपासायचं ते आपोआप सुचलं. बाकीच्या उद्या पोरांसोबत बसून करते.